पाणी ओसरल्यानंतर : ओहायो-मिसिसिपी खोऱ्यातील १९३७ च्या पुराची छायाचित्रे

पूर चढलेला असताना काढलेली छायाचित्रे आणि पूर ओसरल्यावर काढलेली छायाचित्रे यांच्यात मूलभूत फरक असतो, आणि पूरग्रस्त ग्रामीण भागाच्या दस्तऐवजी छायाचित्रणाचा विचार त्या फरकापासूनच सुरू करावा लागतो. पाणी चढलेले असताना जमीनदाराचे शिवार आणि त्याच्या वाटेकऱ्याचे खोपट एकाच सपाट, चकाकत्या पृष्ठभागाखाली गेलेले असते. अशा वेळी, विशेषतः विमानातून काढलेल्या चित्रात, नदीचा विस्तार दिसतो, पण माणसांमाणसांतले अंतर दिसत नाही. पाणी उतरू लागले की ते अंतर उघडे पडते: कोणाचे घर पक्क्या जोत्यावर होते आणि कोणाचे नुसत्या लाकडी ठोकळ्यांवर, कोणाला जनावरे वेळेत उंचावर नेता आली, कोण नातलगांकडे गेला आणि कोणाला तंबूखेरीज आसरा उरला नाही, हे सर्व गाळाने माखलेल्या अवस्थेत समोर येते. दस्तऐवजी छायाचित्रण, म्हणजे एखाद्या प्रत्यक्ष स्थितीचा पुरावा ठरावा आणि तो पाहणाऱ्याला त्या स्थितीविषयी काही करावेसे वाटावे अशा दुहेरी हेतूने केलेले छायाचित्रण, पुराच्या बाबतीत खऱ्या अर्थाने या दुसऱ्या टप्प्यावर सुरू होते. अमेरिकेतील ओहायो आणि मिसिसिपी या नद्यांच्या खोऱ्यांत १९३७ च्या जानेवारीत आलेला महापूर आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत तेथे काढली गेलेली सरकारी छायाचित्रे हे या प्रकाराचे सर्वांत अभ्यासनीय उदाहरण आहे, कारण तेथे छायाचित्रकारांना खराब झालेल्या घरांइतकीच पुराच्या आधीपासूनची गरिबी नोंदवण्याची मुभा होती आणि त्यांपैकी काहींनी ती पुरेपूर वापरली.

त्या वर्षी जानेवारीच्या मध्यापासून ओहायो नदीच्या खोऱ्यात आधीच भिजलेल्या, काही ठिकाणी गोठलेल्या जमिनीवर दिवसामागून दिवस पाऊस कोसळत राहिला, आणि मुरायला जागा न उरलेले ते पाणी थेट नदीत उतरले. सिनसिनाटी येथे पाण्याची पातळी सुमारे ८० फुटांवर गेली, लुईव्हिल शहराचा जवळजवळ ७० टक्के भाग बुडाला, आणि पिट्सबर्गपासून मिसिसिपीशी होणाऱ्या संगमावरील केरो या गावापर्यंत ओहायोच्या दोन्ही काठांवर पाणी पसरले. सुमारे ३८५ माणसे दगावली आणि जवळजवळ दहा लाख लोक बेघर झाले. वृत्तपत्रांचे लक्ष साहजिकच शहरांवर राहिले. परंतु बेघरांमध्ये नदीकाठच्या सखल जमिनीत मका आणि कापूस पिकवणाऱ्या, बहुतांशी दुसऱ्याच्या मालकीची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या फार मोठी होती.

या लोकांपर्यंत कॅमेरा पोहोचला तो एका सरकारी खात्यामुळे. महामंदीच्या काळात उद्ध्वस्त झालेल्या शेतकरी कुटुंबांचे पुनर्वसन करण्यासाठी १९३५ मध्ये रेक्सफर्ड टगवेल यांच्या नेतृत्वाखाली रीसेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेशन ही यंत्रणा उभी राहिली, आणि तिच्या कामाला लोकांचा पाठिंबा मिळावा म्हणून रॉय स्ट्रायकर यांच्याकडे छायाचित्रांचा एक विभाग सोपवण्यात आला. ही यंत्रणा १९३७ मध्ये शेतकी खात्यात विलीन झाली आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये तिचे नाव फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन असे झाले. त्यामुळे पुराची छायाचित्रे प्रत्यक्षात जुन्या नावाच्या काळातली असली तरी आज ती नव्या नावानेच ओळखली जातात. स्ट्रायकर स्वतः छायाचित्रकार नव्हते, ते अर्थशास्त्राचे अध्यापन केलेले गृहस्थ होते, आणि छायाचित्रकाराने एखाद्या भागात जाण्यापूर्वी तिथले पीक, जमिनीची मालकी, मजुरीचे दर यांविषयी वाचून जावे असा त्यांचा आग्रह असे. ते ज्या टिपणांद्वारे काय काय टिपायचे हे कळवीत, त्यांना त्या कार्यालयात चित्रणाची संहिता म्हटले जाई. काढलेली चित्रे वृत्तपत्रांना आणि सरकारी प्रकाशनांना विनामूल्य दिली जात. पुरासारख्या घटनेत याचा परिणाम असा झाला की बातमीच्या मागे धावणाऱ्या छायाचित्रकाराला जे सुचले नसते ते या लोकांना सुचले: पाण्याची पातळी कमी झाली तरी काम संपले असे त्यांनी मानले नाही.

फेब्रुवारीच्या आरंभी या विभागाचे छायाचित्रकार वॉकर इव्हान्स आणि स्ट्रायकर यांचे सहायक एडविन लॉक हे टेनेसी आणि आर्कान्सा या राज्यांत गेले. आर्कान्सातील फॉरेस्ट सिटी हे गाव क्रॉलीज रिज नावाच्या उंचवट्यावर वसलेले असल्यामुळे भोवतालच्या सखल कापूसपट्ट्यातले विस्थापित तेथे आणले गेले होते, आणि रेड क्रॉसच्या छावण्यांत गोऱ्यांची सोय वेगळी व कृष्णवर्णीयांची वेगळी होती. इव्हान्स यांनी दोन्ही ठिकाणी जेवणाच्या वेळच्या रांगा टिपल्या. कृष्णवर्णीयांच्या छावणीतील त्यांच्या काही चित्रांत चेहरे जवळजवळ नाहीतच. चौकटीत येतात ती छातीखालची शरीरे, एकमेकांना खेटून उभी राहिलेली, अनेक ठिकाणी ठिगळ लावलेले आणि मापाचे नसलेले कपडे, आणि पोटाशी धरलेल्या पत्र्याच्या थाळ्या व वाडगे. थाळी कोणी दोन्ही हातांनी घट्ट धरली आहे, कोणाच्या हातात ती सैल लोंबते आहे, आणि या हातांवरूनच रांगेत किती वेळ गेला असावा याचा अंदाज येतो. चेहरा वगळण्याच्या या निर्णयावर आक्षेप घेता येतो, कारण माणसाला चेहऱ्यावाचून दाखवणे हे त्याला केवळ गरजवंत म्हणून दाखवणे होय, असे म्हणण्यास जागा आहे. तरीही या चित्रांत भीक मागणारी नजर नाही, पाहणाऱ्याच्या दयेला केलेले आवाहन नाही, आणि त्या काळच्या मदतनिधीच्या जाहिरातींत हे आवाहन इतके सर्रास होते की ते टाळणे हीच एक प्रकारची सभ्यता ठरते. त्याच छावणीतील तात्पुरत्या दवाखान्यात गोधडीखाली निजलेल्या आजाऱ्यांची इव्हान्स यांची चित्रे याहून अधिक जवळिकीची आहेत, आणि ती पाहिल्यावर इव्हान्स यांना थंड वृत्तीचे म्हणणाऱ्या समीक्षकांशी सहमत होणे कठीण जाते.

या रांगांचा अर्थ कळण्यासाठी त्या भागातील शेतीची रीत माहीत असावी लागते. वाटेकरी, म्हणजे ज्याच्याजवळ जमीन, बैलजोडीच्या जागी तिकडे वापरले जाणारे खेचर आणि बियाणे यांतले काहीही नाही आणि जो मालकाकडून हे सर्व घेऊन पिकाचा ठरलेला वाटा त्याला देतो, तो शेतकरी वर्षभराचे धान्य आणि कापडही मालकाच्याच दुकानातून उधारीवर घेत असे, आणि हंगामाच्या अखेरीस हिशेब झाल्यावर त्याच्या हाती बहुधा नवे देणेच उरत असे. १९३३ मध्ये कापसाचा भाव सावरण्यासाठी सरकारने लागवड कमी करणाऱ्यांना पैसे देण्यास सुरुवात केली तेव्हा ते पैसे मुख्यतः मालकांच्या हाती गेले आणि लागवड कमी झाल्यामुळे नकोसे झालेले वाटेकरी जमिनीवरून हाकलले गेले. याविरुद्ध १९३४ मध्ये आर्कान्सातल्याच टायरोन्झा गावी सदर्न टेनंट फार्मर्स युनियन ही संघटना स्थापन झाली होती, आणि तिच्यात गोरे व कृष्णवर्णीय वाटेकरी एकत्र होते. संघटनेत एकत्र बसणारी हीच माणसे पुरानंतर मदतीच्या छावणीत वेगवेगळ्या रांगांत उभी केली गेली, ही गोष्ट इव्हान्स आणि लॉक यांच्या चित्रांखालच्या कोरड्या सरकारी ओळींतून, कसलेही भाष्य न करता, नोंदली गेली आहे. दहा वर्षांपूर्वीच्या १९२७ च्या मिसिसिपी महापुरात तर कृष्णवर्णीय विस्थापितांना काही ठिकाणी पहाऱ्यात ठेवून तटबंधांवर राबवून घेतले गेले होते, कारण ते उत्तरेकडे निघून गेले तर कापूस कोण वेचणार ही मालकांची चिंता होती. त्या पुराची प्रसिद्ध छायाचित्रे बहुतांशी विस्तीर्ण जलाशयांची आहेत. १९३७ मध्ये कॅमेरा माणसाच्या उंचीवर आला, हा बदल लहान नव्हता.

रसेल ली यांचे काम मात्र या सर्वांत कमी चर्चिले गेलेले आणि या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले, काही काळ चित्रकलेत रमलेले ली १९३६ च्या उत्तरार्धात स्ट्रायकर यांच्या विभागात आले, त्या डिसेंबरात त्यांनी आयोवातील कुळांच्या घरांची छायाचित्रे काढली, आणि पूर येताच ते इंडियाना, इलिनॉय आणि मिझुरी या राज्यांतील नदीकाठी गेले. इंडियानातील माउंट व्हर्नन गावाजवळच्या एका शेतात त्यांनी पुराने वाहून आणून टाकलेला ऑर्गन टिपला आहे. घराच्या दिवाणखान्यात असायचे ते वाद्य उघड्या रानात, चिखलात बसलेले दिसते, आणि ते कोणाचे, किती अंतरावरून आले, हे चित्रावरून कळत नाही. ज्या कुटुंबाने हप्त्याहप्त्याने पैसे साठवून घरात संगीताची सोय केली असेल त्याच्या आकांक्षेचे मोजमाप या एका वस्तूत होते. नुकसानीच्या सरकारी तक्त्यात ते घरगुती सामान या एका रकान्यात संपले असते. ली यांचा दुसरा विशेष म्हणजे फ्लॅशचा सढळ वापर. समोरून टाकलेल्या त्या प्रखर प्रकाशात सावल्यांचे सौंदर्य मारले जाते, म्हणून अनेक कलासमीक्षक त्याला नाक मुरडतात; पण ओल धरलेल्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवरची पाण्याची रेघ, चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या कागदांचे सुटलेले पापुद्रे, चुलीच्या पायांशी साचलेला गाळ हे सगळे एकाच स्पष्टतेने दिसण्यासाठी दुसरा मार्ग नव्हता. भिंतीला वर्तमानपत्राचे कागद लावण्याची वेळ काही पुराने आणलेली नव्हती.

त्या वर्षीच्या वसंतात ली इलिनॉयमधील शॉनीटाउन या ओहायोकाठच्या जुन्या गावी होते. हे गाव पुन्हापुन्हा बुडत आलेले होते, आणि या वेळच्या पुरानंतर सरकारी मदतीने ते सुमारे तीन मैल आत, उंचावर हलवण्याचा निर्णय झाला. तरी काही कुटुंबांनी जुनी जागा सोडली नाही आणि आजही तेथे वस्ती आहे. एप्रिलमध्ये, म्हणजे पाणी चढल्यास तीन महिने होत आले असताना, ली यांनी तेथील तंबूंच्या वसाहतीची छायाचित्रे काढली. तोपर्यंत वृत्तपत्रांनी हा विषय केव्हाच सोडला होता. तंबूतले घर, म्हणजे तात्पुरते म्हणून उभे केलेले आणि हळूहळू रोजचे होत चाललेले घर, हा या एप्रिलमधल्या चित्रांचा विषय आहे, आणि आपत्तीनंतरच्या हालांविषयी ती फेब्रुवारीतल्या चित्रांपेक्षा अधिक सांगतात.

मिझुरी राज्यातील घटनाक्रम या संदर्भात सविस्तर पाहण्याजोगा आहे, कारण तिथे पूर हा निव्वळ निसर्गाचा नव्हता. १९२७ च्या अनुभवानंतर केरो गाव वाचवण्यासाठी बर्ड्स पॉइंट ते न्यू मॅड्रिड या दरम्यान एक पूरमार्ग राखून ठेवण्यात आला होता. पूरमार्ग म्हणजे नदीची पातळी धोक्याच्या वर गेल्यास तटबंध फोडून जिच्यावर मुद्दाम पाणी सोडायचे अशी जमीन. हे क्षेत्र सुमारे १,३०,००० एकर होते आणि त्यात माणसे राहत व शेती करत होती. २५ जानेवारी १९३७ रोजी सुरुंग लावून तटबंध फोडण्यात आला. केरो वाचले, आणि पूरमार्गातील कुटुंबे चार्ल्सटनसारख्या गावांतील छावण्यांत आली, जिथे ली यांनी त्यांची चित्रे काढली. मालकांना जमिनीवरून पाणी सोडण्याच्या हक्काबद्दल मोबदला मिळण्याची तरतूद होती. जमीनच नसलेल्या वाटेकऱ्यासाठी तशी काही नव्हती. दोन वर्षांनी, जानेवारी १९३९ मध्ये, त्याच भागातील हजाराहून अधिक बेदखल वाटेकरी आणि मजूर आपला संसार घेऊन ६० आणि ६१ क्रमांकांच्या महामार्गांच्या कडेला येऊन बसले, आणि तेव्हा स्ट्रायकर यांच्या विभागातील आर्थर रॉथस्टाइन यांनी त्यांची छायाचित्रे काढली. रस्त्यावरची ही वस्ती आरोग्याला घातक असल्याचे कारण देऊन अधिकाऱ्यांनी ती हलवली, आणि रॉथस्टाइन यांच्या एका चित्राखालच्या नोंदीनुसार लोकांना जिथे नेले जात होते ती जागा तटबंध आणि मिसिसिपी नदी यांच्या मधली होती. ज्या पट्ट्यात पाणी आधी शिरते तिथेच ज्यांना राहायला दुसरी जागा नाही अशांना नेऊन ठेवणे, हा प्रकार १९३७ ची आणि १९३९ ची चित्रे शेजारी ठेवल्याखेरीज ध्यानात येत नाही. याच पूरमार्गाचा तटबंध २०११ च्या मे महिन्यात पुन्हा फोडण्यात आला, आणि तेव्हा पिनहूक हे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी वसवलेले छोटे गाव कायमचे उठले.

या पुराचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र मात्र यांपैकी कोणाचेही नाही. लाइफ या साप्ताहिकासाठी मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी लुईव्हिल येथे काढलेल्या त्या चित्रात कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष हातात टोपल्या आणि बादल्या घेऊन मदतीसाठी रांगेत उभे आहेत, आणि त्यांच्या मागे कारखानदारांच्या संघटनेचा एक भव्य जाहिरात-फलक आहे, ज्यावर मोटारीत बसलेले हसरे गोरे कुटुंब असून अमेरिकेचे राहणीमान जगात सर्वोच्च असल्याची घोषणा आहे. चित्र अत्यंत प्रभावी आहे आणि त्यातील विरोध खराच होता. पण प्रसिद्धीची किंमत त्या चित्राने मोजली: ते पुढे महामंदीतील बेकारांच्या रांगेचे चित्र म्हणून इतक्या ठिकाणी वापरले गेले की रांगेतली माणसे पुरामुळे तिथे होती हेच पुष्कळांना ठाऊक राहिले नाही. चित्राखालची ओळ सुटली की छायाचित्र कोणत्याही युक्तिवादाला जोडता येते. बर्क-व्हाइट यांनी लेखक अर्स्किन कॉल्डवेल यांच्यासह दक्षिणेतील ग्रामीण गरिबीवर त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तर चित्रांखालची माणसांच्या तोंडची वाक्ये लेखकद्वयाने स्वतः रचलेली होती, आणि तसे त्यांनी पुस्तकातच सांगितले होते. छायाचित्रकार डोरोथिया लँग आणि पॉल टेलर यांनी १९३९ च्या आपल्या पुस्तकात नेमका उलट मार्ग घेतला आणि माणसांनी प्रत्यक्ष उच्चारलेले शब्दच चित्रांसोबत दिले. या दोन पद्धतींतली निवड ही शैलीची बाब नाही. ज्याचे घर गेले त्याच्या तोंडी आपले शब्द घालण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

सरकारी संग्रहाविषयीही सावध राहणे आवश्यक आहे. रॉथस्टाइन यांनी १९३६ मध्ये साउथ डकोटात दुष्काळाचे चित्रण करताना बैलाची एकच कवटी वेगवेगळ्या जागी ठेवून चित्रे काढली, हे उघडकीस आल्यावर विरोधी वृत्तपत्रांनी सगळ्या विभागालाच खोटे ठरवण्याचा प्रयत्न केला होता, आणि पूर आला तेव्हा तो वाद ताजा होता. स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हला, म्हणजे जिच्यावरून छापील प्रती काढतात त्या मूळ फिल्मला, भोक पाडून ती निकामी करीत. काय दिसावे हे एका माणसाच्या हाती होते आणि त्याच्यापुढे सरकारी योजनांचे समर्थन हा हेतू होता. त्याच यंत्रणेसाठी पेअर लॉरेन्ट्झ यांनी बनवलेल्या द रिव्हर या माहितीपटाच्या निर्मितीच्या काळातच हा पूर आला, त्याची दृश्ये त्यात समाविष्ट झाली, आणि जंगलतोड, मातीची धूप आणि कापसाची अविचारी लागवड यांतून पूर व दारिद्र्य दोन्ही कसे निपजतात हे त्यात मांडले गेले. त्यावरील उपाय म्हणून अर्थातच सरकारी धरणे दाखवली गेली. प्रचाराचा हा हेतू मान्य करूनही या संग्रहाचे मोल कमी होत नाही, कारण छायाचित्रकारांनी नोंदवलेले तपशील त्या हेतूच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक आहेत.

भारतीय वाचकाला या परंपरेचा एक धागा जवळचा वाटेल. बर्क-व्हाइट १९४० च्या दशकात भारतात आल्या तेव्हा त्यांच्यासोबत काही काळ हिंडलेले सुनील जाना यांनी त्याआधीच बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचे चित्रण केले होते, आणि मुंबईहून निघणाऱ्या पीपल्स वॉर या साप्ताहिकातून ते लोकांसमोर आले. त्या दुष्काळाच्या आधी, ऑक्टोबर १९४२ मध्ये, मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आणि समुद्राच्या लाटांनी शेते बुडवली होती. म्हणजे बंगालमध्येही कॅमेऱ्यासमोर आली ती पाण्यानंतरची, आणि पाण्याच्या आधीपासूनची, भूक होती. महाराष्ट्रात कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्याने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये जे महापूर अनुभवले त्यांनंतर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी पंचनाम्यासोबत काढलेली असंख्य छायाचित्रे शासनदप्तरी जमा झाली आहेत. त्यांची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु पंचनामा सातबाऱ्यावरच्या नावाला धरून होतो. तोंडी बोलीवर दुसऱ्याची जमीन कसणारा, ऊस बुडाल्यामुळे हंगामाची मजुरी गमावलेला भूमिहीन शेतमजूर त्याच्या चौकटीत येत नाही, आणि म्हणून त्याचे छायाचित्रही निघत नाही. ली यांनी शॉनीटाउनला एप्रिलमध्ये जे केले ते कृष्णाकाठी करायचे झाल्यास कोणाच्या दारी जावे लागेल, हे यावरून स्पष्ट व्हावे.

इव्हान्स, लॉक, ली आणि रॉथस्टाइन यांची ही चित्रे आज लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात, सुमारे पावणेदोन लाख निगेटिव्हच्या मोठ्या साठ्याचा भाग म्हणून, सर्वांना पाहण्यासाठी खुली आहेत. ती एकेकटी न पाहता मालिकेने, मूळ नोंदींसह आणि महिन्यांच्या क्रमाने पाहावीत, आणि निकामी केलेल्या, मध्ये काळे वर्तुळ पडलेल्या चित्रांनाही वगळू नये. फॉरेस्ट सिटीच्या दोन रांगांपासून सुरुवात करून चार्ल्सटनची छावणी, माउंट व्हर्ननची शेते, शॉनीटाउनचे तंबू आणि शेवटी १९३९ चा महामार्ग असा क्रम लावल्यास पूर हा ग्रामीण गरिबीच्या प्रदीर्घ कथेतील एक प्रकरण म्हणून वाचता येतो.